कंपनीचा ४०१(के) चालू असताना स्वतःचा आयआरए: भरता येतो का, आणि भरावा का?

प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीत एडिसनला राहणारं जोडपं. नवरा चौतिशीतला, एच-१बी या कामाच्या व्हिसावर, वर्षाचा पगार १,४२,००० डॉलर. बायको एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर, सध्या नोकरी नाही. कंपनीच्या ४०१(के) या निवृत्ती योजनेत पगाराचे ६ टक्के जातात आणि त्यावर कंपनी निम्मे, म्हणजे आणखी ३ टक्के घालते. भारतातल्या एनआरई (अनिवासी भारतीयांच्या परदेशी कमाईच्या) ठेवींवर वर्षाला सुमारे ३,००० डॉलर व्याज येतं. ऑफिसातल्या कोणीतरी सांगितलं की ज्याला ४०१(के) आहे त्याला आयआरए, म्हणजे स्वतःचं वैयक्तिक निवृत्ती खातं, उघडता येत नाही. हे खरं आहे का? बायकोच्या नावे काही करता येतं का? आणि सात-आठ वर्षांनी पुण्याला परतायचं ठरलं तर या पैशांचं काय?

मी इथे टॅक्स रिटर्न आणि निवृत्तीच्या नियोजनाचं काम बरीच वर्षं करते आहे, आणि हा गैरसमज मला दर वर्षी ऐकू येतो. तो खरा नाही. एकाच वर्षात ४०१(के) आणि आयआरए या दोन्हींत पैसे भरता येतात, कारण दोन्हींच्या मर्यादा पूर्णपणे वेगळ्या आहेत. २०२६ साठी तुमच्या पगारातून ४०१(के) मध्ये २४,५०० डॉलरपर्यंत जाऊ शकतात आणि आयआरएत ७,५००. एकीकडे भरले म्हणून दुसरीकडची मर्यादा एका डॉलरनेही कमी होत नाही. कंपनी घालते ती भर, म्हणजे मॅच, त्या २४,५०० मध्ये मोजतच नाहीत. तुमचे आणि कंपनीचे मिळून होणाऱ्या भरण्याला ७२,००० ची वेगळी कमाल मर्यादा आहे. पन्नाशी गाठलेल्यांना यापेक्षा थोडं जास्त भरता येतं, तुमचा तो प्रश्न अजून दूर आहे.

हा गैरसमज कुठून आला तेही सांगते, कारण त्यात तथ्याचा एक अंश आहे. १९७४ च्या कायद्याने आयआरए जन्माला घातला तेव्हा तो खरोखरच फक्त अशा लोकांसाठी होता ज्यांना नोकरीच्या जागी पेन्शन योजना नव्हती. १९८१ मध्ये तो सगळ्या कमावत्यांना खुला झाला. मग १९८६ च्या कर सुधारणेत मधला मार्ग काढला गेला: कामाच्या जागी योजना असली तरी आयआरएत पैसे भरा, पण उत्पन्न एका पातळीच्या वर असेल तर त्या भरण्यावर करात वजावट मिळणार नाही. आजही तेच चालू आहे. तेव्हा ‘भरता येतं का’ आणि ‘वजावट मिळते का’ हे दोन प्रश्न आहेत. तुमच्या सहकाऱ्याने दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर पहिल्या प्रश्नाला देऊन टाकलं.

वजावटीचं गणित असं चालतं. तुमचा डब्ल्यू-२, म्हणजे कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा फॉर्म, हातात घ्या आणि बॉक्स १३ बघा. तिथे ‘रिटायरमेंट प्लॅन’ पुढच्या चौकटीत खूण असेल तर आयआरएसच्या (अमेरिकी कर खात्याच्या) दृष्टीने तुम्ही कामाच्या योजनेत सामील आहात. तुमची असणारच. अशा माणसाने पती-पत्नींचं संयुक्त रिटर्न भरलं, तर २०२६ साठी ट्रॅडिशनल (भरताना वजावट, काढताना कर) आयआरएची पूर्ण वजावट १,२९,००० डॉलरच्या उत्पन्नापर्यंत मिळते, तिथून १,४९,००० पर्यंत ती कमी कमी होत जाते आणि त्यापुढे शून्य होते. अविवाहितांसाठी हेच आकडे ८१,००० आणि ९१,००० आहेत. इथे उत्पन्न म्हणजे एमएजीआय: पगार, व्याज, डिव्हिडंड सगळं धरून, पण ४०१(के) मधला ट्रॅडिशनल भरणा आधीच वजा झालेला. हा शेवटचा तुकडा फार महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे एका खात्यात टाकलेले पैसे दुसऱ्या खात्याचा दरवाजा उघडतात.

तुमच्याच आकड्यांवर बघू. आरोग्य विम्याचा हप्ता वगैरे बाजूला ठेवते. पगार १,४२,००० अधिक व्याज ३,००० म्हणजे १,४५,०००. आज तुम्ही ६ टक्के, म्हणजे ८,५२० भरता. एमएजीआय झाला १,३६,४८०. तो १,२९,००० आणि १,४९,००० च्या मधे पडतो, म्हणून ७,५०० भरले तर वजावट मिळेल ४,७०० ची, उरलेले २,८०० वजावटीशिवाय. तुम्ही ४०१(के) चा भरणा १६,००० वर नेला तर एमएजीआय बरोबर १,२९,००० होतो आणि पूर्ण ७,५०० ची वजावट मिळते.

एनआरई व्याजाचा मी मुद्दाम हिशेब केला. भारतात ते करमुक्त असतं म्हणून इथल्या रिटर्नमध्ये ते दाखवायचंच नाही, अशी समजूत आपल्या लोकांत घट्ट बसली आहे. अमेरिकेत ते पूर्ण करपात्र आहे. आणि ते एमएजीआयमध्ये येत असल्यामुळे आयआरएच्या मर्यादांवरही त्याचा परिणाम होतो. एनआरओ, म्हणजे भारतातल्या कमाईच्या अनिवासी खात्याचं, व्याजही त्यातच.

आता मी स्वतः काय सुचवेन? तुमच्यासाठी ट्रॅडिशनल आयआरएची वजावट मिळवण्याच्या मागे लागण्यापेक्षा रॉथ आयआरए बरा. रॉथमध्ये भरताना वजावट नसते, पण खातं निदान पाच वर्षांचं झालं आणि वयाची साडेएकोणसाठ पूर्ण झाली की वाढीसकट सगळा पैसा अमेरिकी करातून मुक्त बाहेर येतो. डेलावेअरचे सिनेटर विल्यम रॉथ यांच्या नावाने १९९८ पासून ही सोय सुरू झाली. रॉथची उत्पन्नमर्यादा वेगळी आणि बरीच वर आहे: २०२६ साठी संयुक्त रिटर्नवर २,४२,००० पर्यंत पूर्ण भरणा, २,५२,००० ला बंद. कामाच्या जागी योजना आहे की नाही याचा रॉथशी संबंधच नाही. तुम्ही त्या मर्यादेच्या खूप खाली आहात.

रॉथ का, तर तुमच्या कराच्या टप्प्यामुळे. २०२६ मध्ये संयुक्त रिटर्नची स्टँडर्ड डिडक्शन ३२,२०० आहे आणि १२ टक्क्यांचा टप्पा १,००,८०० च्या करपात्र उत्पन्नाला संपतो. त्यापुढे २२ टक्के लागतात. १,४५,००० मधून ३२,२०० गेले, उरले १,१२,८००. म्हणजे २२ टक्क्यांच्या टप्प्यात तुमचे फक्त १२,००० डॉलर आहेत. हे १२,००० ट्रॅडिशनल ४०१(के) मध्ये टाका, त्यांच्यावर २२ टक्के वाचतात, ही चांगली बचत आहे. त्यानंतर टाकलेल्या प्रत्येक डॉलरवर संघीय करात फक्त १२ टक्के वाचतील. इतक्या कमी दराने कर भरून पैसा रॉथमध्ये कायमचा मोकळा करण्याची संधी तुमचा पगार वाढल्यावर किंवा बायकोला नोकरी लागल्यावर राहणार नाही. म्हणून माझा क्रम असा: आधी मॅच पूर्ण मिळेल तेवढं, मग ४०१(के) एकूण १२,००० होईपर्यंत, मग दोघांचे रॉथ आयआरए ७,५००-७,५००, आणि त्यानंतरही शिल्लक राहत असेल तर पुन्हा ४०१(के) कडे वळून २४,५०० पर्यंत. तिसऱ्या पायरीपर्यंत तुमच्या खिशातून २७,००० जातील आणि कंपनीचे ४,२६० वर.

न्यू जर्सीचा एक नियम बाहेरून आलेल्या लोकांना माहीत नसतो. हे राज्य ट्रॅडिशनल आयआरएच्या भरण्याला राज्य करात वजावट देतच नाही. ४०१(के) चा भरणा मात्र राज्याच्या पगारातूनही वगळला जातो, आणि तुमच्या पातळीवर राज्याचा दर ५.५२५ टक्के आहे. तेव्हा न्यू जर्सीत वजावटीसाठी पैसा टाकायचाच असेल तर तो ४०१(के) मध्ये टाकावा. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात चित्र उलटं आहे. तिथे ४०१(के) च्या भरण्यावरही राज्य कर लागतो. टेक्साससारख्या राज्यात हा विचारच करावा लागत नाही. राज्य बदलल्यावर जुनीच मांडणी पुढे चालवू नका.

बायकोच्या नावे आयआरए हा या उत्तरातला मला सगळ्यात जवळचा भाग आहे. एच-४ वर आलेल्या कितीतरी बायका इथे येऊन नोकरी सोडून बसतात, आणि त्यांच्या नावावर दहा-दहा वर्षं एक पैही जमा होत नाही. आयआरएत भरायला कमाई लागते हा सर्वसाधारण नियम आहे, पण संयुक्त रिटर्न भरणाऱ्या जोडप्यात एकाची कमाई दोघांच्या भरण्याला पुरेशी असेल तर न कमावणाऱ्या जोडीदाराच्या आयआरएतही पूर्ण रक्कम भरता येते. याला स्पाउजल आयआरए म्हणतात. ते संयुक्त खातं नसतं. खातं पूर्णपणे तिच्या नावावर, तिच्या मालकीचं, पुढे काहीही झालं तरी तिचं. त्यात पैसे भरणं म्हणजे नोकरी करणं नव्हे, त्यामुळे व्हिसालाही त्याचा काही धक्का नाही. अडचण येते ती सोशल सिक्युरिटी नंबरची. तिच्याकडे फक्त आयटीआयएन (त्याऐवजी मिळणारा कर क्रमांक) असेल तर खातं उघडण्याआधी ब्रोकरला विचारून घ्या. काही ठिकाणी चालतो, काही ठिकाणी चालत नाही. एका ब्रोकरने नाही म्हटलं म्हणून विषय सोडू नका, दुसऱ्याकडे जा. आणि रिटर्न वेगवेगळं भरण्याचा विचार असेल तर थांबा: एकत्र राहून वेगळं रिटर्न भरणाऱ्यांना रॉथची मर्यादा १०,००० डॉलरच्या उत्पन्नालाच संपते.

मॅचबद्दल दोन गोष्टी. एक, ती तुमची कधी होते ते योजनेच्या कागदात बघा. वेस्टिंग तीन वर्षांनी एकदम किंवा सहा वर्षांपर्यंत हप्त्याहप्त्याने असू शकतं, आणि व्हिसामुळे नोकरी बदलावी लागणाऱ्या माणसाने ही तारीख लक्षात ठेवलीच पाहिजे. तुमच्या स्वतःच्या पगारातून गेलेला पैसा पहिल्या दिवसापासून तुमचा असतो. दोन, वर्षाच्या सुरुवातीलाच मोठा टक्का लावून सप्टेंबरमध्ये २४,५०० संपवण्याची काहींना हौस असते. बऱ्याच कंपन्या मॅच प्रत्येक पगाराला मोजतात. तुमचा भरणा थांबला की मॅचही थांबते, आणि कंपनी वर्षअखेरीस फरक भरून देत नसेल तर तेवढे पैसे गेले. एचआरला हाच नेमका प्रश्न विचारा: वर्षअखेरीस ट्रू-अप आहे का?

वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली तर २४,५०० ची मर्यादा माणसाला एकच आहे, कंपनीला वेगळी नाही. नव्या कंपनीच्या पेरोलला जुन्या कंपनीत किती गेले ते कळत नाही. बेरीज तुम्हीच ठेवायची. जास्त गेले तर पुढच्या १५ एप्रिलच्या आत योजनेला कळवून जादा रक्कम परत घ्यावी लागते, नाहीतर त्याच पैशावर दोनदा कर लागतो. आयआरएत जास्त भरले गेले किंवा उत्पन्न मर्यादेबाहेर असताना रॉथमध्ये भरले, तर ती रक्कम खात्यात राहील तितकी वर्षं दर वर्षी ६ टक्के दंड लागतो. रिटर्नच्या मुदतीत ती रक्कम आणि तिच्यावरची कमाई काढून घेतली तर हा दंड टळतो.

पुढे तुमचं दोघांचं उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेलं की रॉथचा सरळ रस्ता बंद होईल. तेव्हा तुम्हाला कोणीतरी बॅकडोअर रॉथ सांगेलच: ट्रॅडिशनल आयआरएत वजावट न घेता भरायचं आणि लगेच रॉथमध्ये रूपांतर करायचं. २०१० पासून रूपांतराला उत्पन्नाची अट नाही, म्हणून हे चालतं. पण इथे लोक फसतात ते जुन्या रोलओव्हरमुळे. समजा आधीच्या नोकरीचा ४०१(के) तुम्ही ट्रॅडिशनल आयआरएत हलवला आणि तिथे ६७,५०० आहेत. आता नवे ७,५०० वजावटीशिवाय भरले आणि तेवढेच रूपांतरित केले. तुम्हाला वाटेल की यावर कर नाही. आयआरएस तसं मानत नाही. तुमचे सगळे ट्रॅडिशनल आयआरए एकत्र धरून प्रमाण काढते. ७५,००० पैकी ७,५००, म्हणजे दहा टक्केच कर भरलेले, म्हणून ७,५०० च्या रूपांतरात ६,७५० करपात्र ठरतात. यावर उपाय आहे: रूपांतराच्या वर्षी ३१ डिसेंबरच्या आत ते जुने पैसे सध्याच्या कंपनीच्या ४०१(के) मध्ये परत हलवायचे, योजना घेत असेल तर. म्हणून मी नोकरी बदलणाऱ्यांना जुना ४०१(के) आयआरएत हलवण्याची घाई करू देत नाही. आणि वजावटीशिवाय भरलेल्या प्रत्येक वर्षी फॉर्म ८६०६ जोडायचाच. तो नसेल तर वीस वर्षांनी आधीच कर भरलेल्या पैशावर पुन्हा कर भरण्याची पाळी येते, आणि तेव्हा सिद्ध करायला हातात कागद नसतो.

आता पुण्याला परतण्याचा प्रश्न. देश सोडला म्हणून यातलं एकही खातं बंद करावं लागत नाही. निघण्याच्या गडबडीत लोक ४०१(के) मोडतात, आणि साडेएकोणसाठच्या आधी काढल्यामुळे नेहमीच्या करावर १० टक्के दंड भरतात. हे करू नका. मात्र भारतातला पत्ता दिल्यावर काही ब्रोकर नवी खरेदी थांबवतात, तेव्हा परदेशी पत्ता चालणाऱ्या ब्रोकरकडे खातं निघण्याआधी हलवा. भारताच्या २०२१ च्या वित्त कायद्याने आयकरात कलम ८९ए आणलं. त्यानुसार अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या निवृत्ती खात्यांतल्या वाढीवर दर वर्षी कर न लावता पैसे काढताना लावण्याचा पर्याय मिळतो, पण तो फॉर्म १०-ईई भरून निवडावा लागतो, आपोआप लागू होत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा येत असल्याने कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलतील. परतण्याच्या वर्षी पुण्यातल्या सीएकडून ते तपासून घ्या. परतल्यावर पहिली दोन-तीन वर्षं बहुतेकांना आरएनओआर (निवासी, पण सामान्य निवासी नाही) दर्जा मिळतो आणि त्या काळात परदेशातल्या अशा उत्पन्नावर भारतात कर नसतो. मोठे निर्णय त्याच खिडकीत घ्यावेत.

रॉथबद्दल इथे एक सावधगिरी. अमेरिकेने रॉथला दिलेली करमुक्ती भारताच्या आयकर कायद्यात वेगळी लिहिलेली नाही. म्हणून परत जाणं जवळजवळ नक्की झालं असेल तर मी रॉथचा आग्रह धरत नाही आणि ट्रॅडिशनल ४०१(के) जास्त भरायला सांगते. त्यात दुसराही फायदा आहे: १९९६ च्या संघीय कायद्यामुळे राज्य सोडून गेलेल्या माणसाच्या निवृत्तीच्या पैशांवर जुनं राज्य कर लावू शकत नाही. म्हणजे आज न्यू जर्सीचे वाचवलेले साडेपाच टक्के कायमचे वाचले. तुमचं मात्र ‘ठरलं तर’ असं आहे. अशा अनिश्चिततेत रॉथ आयआरएची एक सवलत मला मोलाची वाटते: त्यात तुम्ही स्वतः भरलेली मूळ रक्कम केव्हाही, कर किंवा दंड न लागता काढता येते. नोकरी गेली आणि व्हिसाचं साठ दिवसांचं घड्याळ सुरू झालं, तर ही रक्कम हाताशी असते. सोशल सिक्युरिटीवरही, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी पेन्शनवरही, फार विसंबू नका. अमेरिका आणि भारत यांच्यात तिचा करार नाही, त्यामुळे ४० क्रेडिट, म्हणजे साधारण दहा वर्षांचं काम पूर्ण होण्याआधी परतलात तर भरलेला पैसा मिळत नाही.

लगेच करण्याचं काम आधी करा. ४०१(के) चा भरणा फक्त पगारातून आणि त्या त्या वर्षातच होतो, पण २०२५ चा आयआरए १५ एप्रिल २०२६ पर्यंत भरता येतो. रिटर्नला मुदतवाढ घेतली तरी ही तारीख पुढे जात नाही. २०२५ ची मर्यादा ७,००० होती, म्हणजे तुमचे दोघांचे मिळून १४,००० अजून बसतात. पैसे पाठवताना ब्रोकरच्या साइटवर कोणत्या वर्षासाठी ते विचारतात, तिथे २०२५ निवडा. तसंच सोडलं तर बहुधा चालू वर्षाखाली नोंद होते. आणि पैसे जमा झाले की दोन दिवसांनी पुन्हा लॉगिन करून ते गुंतवा. आयआरए हे नुसतं खातं आहे, त्यात फंड तुम्हाला विकत घ्यावा लागतो. पाच-सहा वर्षं नियमित भरणा आणि सगळी रक्कम रोख पडून, असं मी माझ्याकडे आलेल्या हुशार, शिकलेल्या लोकांच्या खात्यांत पाहिलं आहे. कमी खर्चाचा एखादा व्यापक इंडेक्स फंड निवडा, दर वर्षी आपोआप खरेदी लावून ठेवा, आणि दोन्ही खात्यांवर वारस म्हणून कोणाचं नाव आहे ते त्याच बैठकीत तपासा.